ज्याची त्याची वेगळी प्रत

अड्याळला त्या दिवशी बाजार होता. मनाली गजभिये आधार कार्डाची झेरॉक्स काढायला म्हणून दुकानात शिरली, तेव्हा बाहेर ऑगस्टअखेरचा पाऊस रेंगाळत होता — धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. ओली छत्री कुठे टेकवावी हे बघत तिने मान वळवली, आणि तिची नजर काउंटरवरच्या गठ्ठ्यावर गेली. वरच्या पानावर तिचंच अक्षर होतं. 'काम आणि वेळ' या प्रकरणाच्या तिच्या हाताने लिहिलेल्या नोट्स. फक्त तिच्या ॲपवर, फक्त तिच्या विद्यार्थ्यांना दिलेल्या.

एक उंच तरुण तो गठ्ठा चाळत होता, आणि चाळता चाळता स्वतःशीच हसत होता.

"किती प्रती घेऊन राहिले?" मनालीने विचारलं.

"एकच." त्याने वर पाहिलं. चष्म्यावर पावसाचे थेंब होते आणि ते पुसायचं त्याला सुचलेलं दिसत नव्हतं. "मामेबहिणीसाठी. पोलीस भरतीची तयारी करून राहिली ती. म्हणाली, या दुकानात मिळतात."

"आणि हे लिहिलं कोणी, ते माहीत आहे?"

"नाव नाही यावर. पण बाई भयंकर चिडकी असावी."

"काहून?"

"हे बघा नं. समासात लिहिलंय, 'हे मी तिसऱ्यांदा सांगते आहे.' पुढं परत तेच. चार ठिकाणी आहे."

"पाच," मनाली म्हणाली. "पाचवं शेवटच्या पानावर आहे. त्या नोट्स माझ्या आहेत."

दुकानदाराला एकाएकी मशिनमध्ये कागद भरायची आठवण झाली आणि तो खाली वाकला. तरुणाने गठ्ठा अलगद ठेवून दिला. आता हा माफी मागेल नाहीतर पळेल, असं मनालीला वाटलं. त्याने दोन्हींतलं काहीच केलं नाही. शांतपणे चष्मा पुसला.

"मग तुम्हाले चोर सापडणं कठीण आहे," तो म्हणाला.

"हे सांगायले तुमची गरज नव्हती."

"तसं नाही... म्हणजे, तुम्ही सगळ्यांना एकच प्रत दिली. शंभर जणांकडे शंभर सारख्या प्रती. त्यातली एक बाहेर आली, तर ती कोणाकडून आली हे त्या प्रतीनं कसं सांगावं? ज्याची त्याची प्रत वेगळी पाहिजे होती."

तिला इतका वैताग आला की तिने गठ्ठा उचलला, छत्री उचलली आणि काउंटरवर ठेवलेलं आधार कार्ड तिथेच विसरून ती बाहेर पडली. भाजीच्या पालांपर्यंत पोचली असेल-नसेल, तो भिजत मागे आला. हातात तिचं कार्ड होतं आणि झेरॉक्स होती. झेरॉक्सच्या पाठीवर फोन नंबर लिहिलेला होता.

"अश्वजित रामटेके. भंडाऱ्याला राहतो. मी हेच काम करतो — सिनेमे चोरीला जातात, त्यांचा माग काढायचं." त्याने कार्ड पुढे केलं. "फोटो काही तुमच्यासारखा आला नाही."

"आधार कार्डावर कोणाचा येते?" ती म्हणाली आणि चालू लागली. बाजार संपेपर्यंत आपण हसत होतो, हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

मनाली सत्तावीस वर्षांची. नागपूरला गणितात एम.एस्सी. करून गावी परतली, ती तिथल्या क्लासच्या नोकरीला कंटाळून. तिथे पोरांना गणित कमी आणि धाक जास्त मिळायचा. अड्याळमध्ये खताच्या दुकानावरची एक खोली तिने भाड्याने घेतली, एक फळा टांगला, मोबाईल तिवईवर बसवला आणि आपल्या बोलीत शिकवायला सुरुवात केली. दोन वर्षांत तिच्या ॲपवर एकशे ऐंशी मुलं-मुली आली. पवनीची, मोहाडीची, तुमसरकडची. फी जेमतेम; पण खोली, फळा आणि घर त्यावर चालत होतं.

मग व्हिडिओ गळायला लागले. गुरुवारी लेक्चर टाकावं, रविवारी ते कुठल्याशा फुकट्या चॅनलवर हजर. मुलं एकेक करून ॲप सोडू लागली. जुलै महिन्यात तर तिचा संयम पार सुटला. करडीचा भोजराज साठवणे नावाचा एक विद्यार्थी होता. 'मॅडम, व्हिडिओ मोबाईलमध्ये उतरवून घेता येतील का,' असं त्याने दोनदा विचारलं होतं. तेवढ्यावरून तिने त्याचं खातं बंद केलं. त्याने चार मेसेज पाठवले, तिने एकाचंही उत्तर दिलं नाही. आणि व्हिडिओ गळतच राहिले.

झेरॉक्सच्या दुकानातल्या भेटीनंतर आठव्या दिवशी नवं लेक्चर दोन तासांत चॅनलवर आलं. मनालीने फोन लावला.

"ती वेगळी प्रत म्हणजे काय, ते सांगा. एकदाच सांगा, नीट."

"एकदाच नाही जमणार," अश्वजित म्हणाला. "या कामात सगळं दोनदा करावं लागते."

ते खरं होतं, आणि किती खरं होतं हे तिला पुढच्या रविवारी कळलं. तो बावीस किलोमीटर मोटारसायकल हाणत आला, खोलीत एकुलत्या खुर्चीवर बसला आणि फळ्यावर एक आडवी पट्टी काढून तिचे चोवीस तुकडे केले.

"हे तुमचं एक लेक्चर. प्रत्येक तुकडा तुम्ही दोनदा शिकवायचा. गणित तेच, पण जरासा फरक. पहिल्या वेळी आठ मजूर धानाची रोवणी करतील, दुसऱ्या वेळी बारा. एकदा 'समजलं?' म्हणा, एकदा 'कळलं?' म्हणा. मग ॲप प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळी सरमिसळ देईल. कोणाला पहिला तुकडा आठवाला, दुसरा बारावाला... एकशे ऐंशी जणांना एकशे ऐंशी वेगवेगळ्या माळा. चॅनलवर जी माळ दिसेल, ती ज्याची, तो चोर."

"त्यापेक्षा व्हिडिओवर नाव टाका नं प्रत्येकाचं."

"नाव झाकता येते. आमच्या कंपनीत डोळ्याला न दिसणारी खूणही टाकतात, पण कोणी दुसऱ्या मोबाईलनं पडद्याचं शूटिंग केलं, की ती पुसट होते. तुमच्या तोंडचं 'समजलं' कसं पुसणार? ते पुसलं तर शिकवणंच जाईल."

मनालीने फळ्याकडे पाहिलं. चोवीस तुकडे, दोनदा. म्हणजे एका लेक्चरसाठी अठ्ठेचाळीस वेळा तोंड उघडायचं.

"तुम्ही कधी शिकवलं आहे का?"

"नाही."

"दिसूनच राहिलं."

सप्टेंबर असा गेला. आठवड्यातून दोन दुपारी तो यायचा. खाली दुकानात युरियाची पोती धाडधाड उतरायची, मध्येच वीज जायची, समोरच्या घरातली बकरी नेमकी उत्तराच्या क्षणी ओरडायची. एकदा तर दुसऱ्या रूपात बकरी ओरडली आणि पहिल्यात नाही, म्हणून अश्वजितने तो तुकडा 'फारच छान फरक आहे' म्हणून ठेवून दिला. मनालीने खडू खाली आपटला.

"पुन्हा घेऊ का एकदा?" तो कॅमेऱ्यामागून म्हणायचा.

"आता काहून?"

"या वेळी तुम्ही वैतागलेल्या दिसता. पहिल्यात नव्हत्या. मुलं ओळखतील."

"मी दोन्ही वेळी वैतागलेलीच आहे. पहिल्या वेळी लपवलं."

"मग दुसऱ्या वेळीही लपवा नं. मले माहीत आहे तेवढं पुरे."

ती फळा पुसायला वळायची. तिला फळा पुसायला हल्ली जास्त वेळ लागत होता.

आणखी एक त्रास होता. दोन्ही वेळी तिचं सगळं रूप सारखं दिसायला हवं होतं, आणि ते बघायचं काम त्याचं होतं. "ओढणी... उजवीकडे होती," तो सांगायचा. कधी म्हणायचा, "केसांची ती बट पहिल्या वेळी कानामागे होती." सांगताना तो तिच्याकडे न बघता पडद्याकडे बघायचा, आणि त्याचे कान लाल व्हायचे.

"तुम्ही लेक्चर पाहून राहिले, की मले?" एकदा तिने विचारलंच.

"कामच तसं आहे," तो म्हणाला. मग बराच वेळ तार गुंडाळत राहिला. "...चांगलं काम आहे."

ऑक्टोबरात पहिलं दुहेरी लेक्चर गळलं. मनाली आनंदाने फोनवर जवळजवळ नाचली. आता नाव कळणार. पण अश्वजित म्हणाला, "अजून नाही."

"म्हणजे?"

"चोर हुशार आहे. त्यानं दोन खात्यांतल्या प्रती मिसळल्या आहेत. थोडे तुकडे याचे, थोडे त्याचे. सरळ कोणाशीच माळ जुळत नाही."

"म्हणजे एवढं दोनदा शिकवून मी घसा फोडून घेतला, तो..."

"वाया नाही गेला. ऐका नं. त्या दोघांनाही ज्या जागी सारखाच तुकडा मिळाला आहे, तिथं चोराकडे निवड नाही. तो तुकडा तसाच बाहेर येते. माळा मी त्या हिशेबानंच बांधल्या आहेत. मिसळ केली तरी दोघांपैकी एक तरी सापडतोच. पण एका लेक्चरवरून सांगितलं, तर भलत्याचंच नाव निघू शकते. निर्दोष माणसावर बोट जायची शक्यता लाखात एकापेक्षा कमी झाल्याशिवाय मी नाव सांगत नाही."

"मग मी काय करू?"

"आणखी गळू द्या."

हा तिच्यासाठी कळस होता. चोर पकडायचा म्हणून त्याला आणखी चोरू द्यायचं, आणि त्यासाठी आपण आणखी अठ्ठेचाळीस वेळा शिकवायचं. तिने फोन ठेवला आणि आईजवळ, मंगलाबाईंजवळ, अर्धा तास त्या माणसाची तक्रार केली. मंगलाबाई तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "पुढच्या रविवारी जेवाले थांबनार आहे का तो?"

तो थांबला. मग थांबतच गेला. मनालीचे बाबा तेजराम, पोस्टातून निवृत्त झालेले, आता बुद्धविहारातलं वाचनालय सांभाळणारे. त्यांना अश्वजित फार आवडला. जेवताना ते त्याला सिनेमे कसे चोरतात ते विचारायचे, आणि पोरीच्या शिकवण्याचं कौतुक सांगायचे. मनालीने त्यांना ॲपवर एक खातं फुकट काढून दिलं होतं, आपण काय शिकवतो ते बाबांनी बघावं म्हणून. "सगडे लेक्चर पाहिले मी," ते म्हणायचे. "मले आता काम-वेळ येते. या वयात."

नोव्हेंबर लागला. धान कापणीला आलं, रस्त्यांवर ओंब्यांचा वास भरून राहिला. आणि अश्वजित बदलला. आठ लेक्चर गळली, नऊ गळली, तरी त्याचं उत्तर तेच — "अजून खात्री नाही." जेवायला बसला की त्याची मान वर यायची नाही. एके दुपारी तेजराम म्हणाले, "एकदा तुमच्या घरी याव म्हनतो आमी, तुमच्या आईबाबाइले भेटाले," तर त्याला असा ठसका लागला की मंगलाबाईंना पाठ चोळावी लागली. बाबा कशासाठी जायचं म्हणतायत, हे मनालीला कळलं होतं. ठसका कशाचा, हे कळलं नव्हतं. तिने स्वतःला समजावलं की त्याला नको असेल. मग समजावलं की आपल्यालाही नको आहे. ते काही केल्या पटेना, तेव्हा तिने रागावणं पसंत केलं. ते तिला जमत होतं.

त्याच आठवड्यात भोजराज साठवणे क्लासच्या जिन्यात येऊन उभा राहिला. करडीहून दोन बस बदलून आला होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता आणि नखांत कापणीची माती.

"मॅडम, जानेवारीत परीक्षा आहे," तो म्हणाला. "मी नाही केलं ते. आमच्या वावरात रेंज नाही येत, म्हनून उतरवून घ्यायचं विचारलं होतं. बांधावर बसून पाहाले. मले खातं खोलून द्या, मी नवीन फी भरतो."

"चौकशी चालू आहे," ती म्हणाली. "नाव निघालं की कळवते."

"साडेचार महिने झाले, मॅडम," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

अश्वजित दुपारी आला, तेव्हा ती पायरीवरच बसली होती.

"भोजराज साठवणे आहे का त्यात? हो की नाही, एवढंच सांगा."

"नाही. तो नाही."

"हे खात्रीनं सांगता येते तुम्हाले?"

"हो."

"म्हणजे बाकीचंही येते." तिने त्याच्याकडे पाहिलं. तो बॅगेचा पट्टा सरळ करत होता, आणि पट्टा आधीच सरळ होता. "तुम्हाले नाव माहीत आहे."

"...हो."

"किती दिवसांपासून?"

"बारा."

वरच्या खोलीत पंखा चालू राहिला होता, त्याची कुरकुर जिन्यात ऐकू येत होती. खाली कोणीतरी बियाण्याचा भाव विचारत होतं.

"नाव," मनाली म्हणाली.

"दोन खाती आहेत. एक खोट्या नावानं काढलेलं, त्या चॅनलवाल्याचंच असावं. आणि दुसरं..." त्याने चष्मा काढला. "तेजराम गजभिये."

ती आधी हसली. मग म्हणाली, "परत तपासा."

"अकरा लेक्चर तपासली. दोनशे चौसष्ट तुकडे. मी चारदा केलं. पाचव्यांदाही काल केलं."

"बाबांना व्हिडिओ पाठवता येत नाही. त्यांना फोटो पाठवता येत नाही."

"मलेही तेच वाटते. त्यांनी चोरलं असं मी म्हणतच नाही. त्यांच्या खात्यातून गेलं, एवढंच ती माळ सांगते."

"मग बारा दिवस काहून गप्प बसले?"

तो तिच्यापासून दोन पायऱ्या खाली बसला. रस्त्यावरून धानाचे भारे लादलेला ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत त्याने वाट पाहिली.

"मले तुमच्या बाबांकडे एका दुसऱ्या कामासाठी जायचं होतं," तो म्हणाला. "त्यांच्यापुढं बसून... तुमच्याबद्दल विचारायचं होतं. आणि माझ्याच हातात त्यांचं नाव आलं. कोणतं आधी बोलावं, ते कळेना."

या वाक्याची मनाली किती दिवस वाट पाहत होती हे तिला आत्ता कळत होतं, आणि आत्ताच ते ऐकायचं नव्हतं.

"हे सांगायची ही वेळ आहे का, अश्वजित?"

"नाही. म्हणूनच तर बारा दिवस गेले."

"तुम्हाले ती लाखात एकाची काळजी होती. निर्दोष माणसावर बोट जाऊ नये म्हणून मी अकरा लेक्चर दोनदा शिकवली. आणि बारा दिवस तुम्हाले माहीत होतं की तो पोरगा निर्दोष आहे. परीक्षा जानेवारीत आहे त्याची." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बोट तर मीच ठेवलं होतं त्याच्यावर, तुमच्याशिवाय. पण ते काढून घ्यायचं तुमच्या हातात होतं."

तो 'चुकलो' म्हणाला, आणि पुढे काही जोडलं नाही. ते तिला त्याही वेळी आवडलं.

दोघं विहाराकडे गेले. पायीच, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून. वाचनालयाचं दार उघडं होतं आणि आतून मनालीचाच आवाज येत होता. "समजलं? नसेल समजलं तर परत बघा." जुन्या कॉम्प्युटरसमोर चटईवर नऊ जण बसले होते, सहा मुली, तीन मुलं. मागे खुर्चीवर तेजराम, चेहऱ्यावर असं समाधान, जणू पोरगी समोर प्रत्यक्ष शिकवते आहे. आणि भिंतीवर, कॉम्प्युटरच्या वर, जाड मार्करने लिहिलेला कागद चिकटवलेला होता: त्यांचं नाव, त्यांचा नंबर, त्यांचा पासवर्ड.

मनाली दारात उभी राहिली. रागवायला ती आली होती. तो राग आता नेमका कोणावर काढावा, ते तिला कळेना.

"बाबा, हे कधीपासून?"

"जूनपासून," तेजराम सहज म्हणाले. "या पोरी रोवन्याले, कापन्याले जातात, मंग इथं येतात. यांच्याजवड मोबाईल नाही. मी म्हनलं, माह्या पोरीचं शिकवनं आहे, बसा."

"आणि हा कागद?"

"मी नसलो तं यायनं कसं लावाव?"

"बाहेरचं कोणी आलं होतं का इथं?" अश्वजितने हळूच विचारलं.

तेजराम विचारात पडले. कॉम्प्युटर दुरुस्त करायला जून महिन्यात एक जण आला होता. फार चांगला माणूस, पैसेही घेतले नाहीत. लेक्चर पाहून म्हणाला, काका, फारच छान शिकवतात. कागदाचा त्याने फोटो काढला होता. 'घरी बहिणीले दाखवतो' म्हणाला होता.

सांगता सांगताच त्यांना कळलं. चटईवरची मुलं-मुली उठून बाहेर व्हरांड्यात गेल्या. तेजरामांनी तो कागद भिंतीवरून काढला, त्याची घडी घातली आणि ती कुठे ठेवावी हे न कळून हातातच धरली.

"तुहं नुकसान माह्याच हातानं झालं तं," ते म्हणाले. "मी चोर झालो."

"चोर नाही, बाबा," अश्वजित म्हणाला. 'बाबा' त्याच्या तोंडून कसं गेलं ते त्यालाही कळलं नसावं. "तुमच्या हातून गळलं. चोर तो आहे."

"तुमाले माहीत होतं?"

"हो. सांगायची हिंमत नाही झाली."

"मले विचारलं असतं, तर मीच दिलं असतं," मनाली म्हणाली. "वाचनालयासाठी वेगळं खातं, वाचनालयाच्या नावानं. मले काय या पोरींकडून फी पाहिजे होती का? माझ्यापासून लपवल्यासारखं काहून केलं?"

"लपवलं नाही वो. सांगाचं राहून गेलं." तेजरामांनी हातातल्या कागदाची आणखी एक घडी घातली. "त्या भोजराजले तू याच्याचसाठी काढलं होतं नं? कुठचा म्हनली होती तू... करडीचा. उद्या जाऊ आपन. चूक माही आहे, माफी माही आहे."

"काढलं मी होतं," ती म्हणाली. "माफी माझी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सायबर शाखेत तक्रार देऊन तिघं करडीच्या वाटेला लागले. तेजराम अश्वजितच्या मोटारसायकलवर बसले, मागून मनाली स्कूटीवर. कापलेल्या धानाची शेतं दोन्ही बाजूंना उन्हात पसरली होती. पुढच्या गाडीवर दोन डोकी सारखी एकमेकांकडे झुकून बोलत होती आणि वाऱ्यामुळे तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ती जवळ गेली की दोघं गप्प. मागे राहिली की पुन्हा सुरू. तिने दोनदा हॉर्न वाजवला, उगाच.

एका वळणावर मोटारसायकल थांबली. तेजराम उतरले, बाभळीच्या सावलीत जाऊन पाणी पिऊ लागले, आणि पाणी प्यायला त्यांना फारच वेळ लागला. अश्वजित तिच्याजवळ आला.

"काय बोलून राहिले तुम्ही दोघं?"

"मी विचारलं त्यांना."

"रस्त्यात? गाडी चालवता चालवता?"

"समोर बसून नसतं जमलं. मागे होते म्हणून जमलं."

"मग?"

"म्हणाले, मले कायले विचारता, तिले विचारा." त्याने हात खिशात घातले, परत काढले. "तर... विचारून राहिलो."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. चष्म्यावर धूळ होती, ती पुसायचं याही वेळी त्याला सुचलं नव्हतं.

"आधी भोजराज," ती म्हणाली, आणि स्कूटी सुरू केली.

साठवण्यांच्या अंगणात धानाचा ढीग होता आणि भोजराज त्याच्या कडेने झाडत होता. तिघांना पाहून त्याने झाडू बाजूला ठेवला. मनालीने उभ्यानेच सगळं सांगितलं. कोणाचं खातं होतं, कसं गळलं, आणि पुराव्याशिवाय आपण त्याला कसं काढलं. तेजराम मध्ये बोलायला गेले, तिने त्यांना थांबवलं.

भोजराज ऐकत होता. मग म्हणाला, "माफ केलं म्हनलं तं खोटं होईल, मॅडम. मायच्या पोथीवर हात ठेवून सांगितलं होतं मी घरी, की मी काही केलं नाही. तरी गावात दोघं-चौघं हसले."

"म्हणू नको माफ केलं," मनाली म्हणाली. "मी दर रविवारी इथं येईन. साडेचार महिन्यांत जे राहिलं, ते समोर बसून शिकवीन. परीक्षेपर्यंत."

त्याने ढिगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "रविवारी मळणी आहे. दुपारनंतर या," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "बसा. चहा घ्या."

त्याची आई चंद्रभागाबाई चहा घेऊन आल्या. तेजरामांची ओळख त्यांनी विचारली, "मॅडमचे बाबा" म्हटल्यावर पदर सावरून त्यांना नमस्कार केला. मग त्यांची नजर अश्वजितवर गेली. तो अंगणाच्या टोकाला, धानाचा एक दाणा नखाने सोलत उभा होता आणि इकडे बघायचं टाळत होता.

"आन हे?" चंद्रभागाबाईंनी मनालीला विचारलं. "हे कोन होत तुमचे?"

तेजरामांनी बशी ओठाला लावली ती तशीच धरली. अश्वजितचा हात थांबला. सांगायला सोपं होतं — कामाला मदत करतात, ॲप बघतात, भंडाऱ्याचे आहेत. मनालीने कप खाली ठेवला.

"आमच्या घरचेच होत," ती म्हणाली. "आता होतील, म्हणजे. फार त्रास देतात."

"घरचे देतेतच," चंद्रभागाबाई म्हणाल्या, आणि त्याला द्यायला आणखी एक कप भरायला आत गेल्या.

अश्वजित ऊन ओलांडून तिच्याजवळ आला. तो तिच्या बाजूला जमिनीवरच बसला. मनालीने हात पुढे करून त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने दोन्ही काचा नीट पुसल्या, आणि परत त्याच्या हातात दिला.